सैल गाठ : स्क्लेरोडर्मा, अन्ननलिका आणि एका शस्त्रक्रियेचा इतिहास

चित्रकार पॉल क्ले याच्या अखेरच्या वर्षांविषयी जे लेखन झाले आहे, त्यात एक लहानसा घरगुती तपशील वारंवार येतो. १९३५ नंतर त्याला घन पदार्थ गिळणे उत्तरोत्तर कठीण होत गेले, आहार पातळ आणि मऊ पदार्थांवर आला आणि चारचौघांत जेवायला बसणे तो टाळू लागला. आपण अपमान गिळतो, राग गिळतो, आवंढा गिळतो; दुःखात आपल्या घशाखाली घास उतरत नाही. मराठीत गिळण्याची क्रिया शरीरापेक्षा मनाच्याच नावावर अधिक जमा आहे. क्लेच्या बाबतीत मात्र हे शब्द अक्षरशः खरे होते. घास उतरत नव्हता, कारण तो उतरवणारी नळी निकामी होत चालली होती.

क्लेच्या आजारावर समीक्षकांनी पुष्कळ लिहिले आहे. पण ते बहुधा त्वचेविषयी, हातांविषयी आणि त्या हातांनी काढलेल्या रेषांविषयी आहे. प्रस्तुत लेखात मला या प्रश्नाकडे अन्ननलिकेच्या बाजूने पाहायचे आहे. जठरातील आम्ल अन्ननलिकेत उलटे चढू नये म्हणून जी शस्त्रक्रिया आज जगभर केली जाते, तिचा जनक रुडॉल्फ निस्सेन हा क्लेचा समकालीन होता आणि त्याच्याप्रमाणेच १९३३ साली जर्मनीतून बाहेर पडलेला होता. या दोघांना शेजारी ठेवले की मनात एक 'जर-तर' उभे राहते. ते कितपत टिकते हे तपासणे, आणि त्या निमित्ताने आजार व कलाकृती यांचे नाते आपण कसे वाचतो याचा विचार करणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

* * *

क्लेचा जन्म १८ डिसेंबर १८७९ रोजी बर्नजवळच्या म्युन्शनबुखझे या गावी झाला. वडील जर्मन असल्यामुळे स्वित्झर्लंडमध्ये जन्मूनही तो जर्मन नागरिक राहिला. १९२१ पासून त्याने बाउहाउसमध्ये अध्यापन केले आणि १९३१ मध्ये तो ड्युसेलडॉर्फच्या कला अकादमीत प्राध्यापक झाला. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आल्यावर त्याला तेथून काढून टाकण्यात आले आणि वर्षाच्या अखेरीस तो पत्नी लिलीसह बर्नला परतला. १९३५ साली आजार सुरू झाला. त्याच वर्षी त्याने रंगवलेल्या एका चेहऱ्याचे नाव आहे 'गेत्साइख्नेटर'. या जर्मन शब्दाचे दोन अर्थ होतात : रेखाटलेला, आणि नियतीने खूण केलेला. चित्रातल्या चेहऱ्यावरून जाड काळ्या रेषा गेल्या आहेत.

१९३६ मध्ये त्याच्या हातून जेमतेम २५ कलाकृती झाल्या. स्वतःच्या प्रत्येक कामाची नोंद वहीत काटेकोरपणे करणाऱ्या या माणसाच्या वहीतले ते फार रिकामे वर्ष आहे. त्यानंतर जे घडले ते मात्र अपेक्षेच्या उलट होते. १९३७ मध्ये कामांची संख्या अडीचशेच्या पुढे गेली, १९३८ मध्ये ती त्याच्या जवळपास दुप्पट झाली आणि १९३९ या एकाच वर्षात त्याने १२०० हून अधिक कलाकृती केल्या. दरम्यान, जुलै १९३७ मध्ये म्युनिकला भरवलेल्या 'अवनत कला' प्रदर्शनात त्याची १७ चित्रे कुचेष्टेसाठी टांगली गेली आणि जर्मनीतील सार्वजनिक संग्रहांतून त्याच्या शंभराहून अधिक कलाकृती काढून घेण्यात आल्या. २९ जून १९४० रोजी लोकार्नोजवळच्या मुराल्तो येथे एका रुग्णालयात त्याचे निधन झाले. स्विस नागरिकत्वासाठी केलेल्या अर्जावर तोवर अंतिम निर्णय झालेला नव्हता.

या आजाराला स्क्लेरोडर्मा हे नाव नंतरच्या अभ्यासकांनी दिले. स्विस त्वचारोगतज्ज्ञ हान्स झूटर याने पत्रे, छायाचित्रे आणि आठवणी यांच्या आधारे केलेले विवेचन २००६ मध्ये पुस्तकरूपाने आले आणि आज ते निदान बहुतांशी मान्य झाले आहे. तरीही ते पश्चात् निदान आहे, रुग्णाला न तपासता कागदपत्रांवरून केलेले, हे विसरू नये. साहित्याच्या अभ्यासकाला हा प्रकार अनोळखी नाही. कवीच्या मागे उरलेल्या कागदांवरून त्याच्या मनाचे निदान आपणही करत असतोच.

* * *

स्क्लेरोडर्मा म्हणजे शब्दशः 'कठीण त्वचा'. नेपल्सच्या कार्लो कुर्त्सियो या वैद्याने अठराव्या शतकाच्या मध्यास एका तरुण मुलीच्या लाकडासारख्या घट्ट झालेल्या त्वचेचे वर्णन प्रसिद्ध केले. या रोगाच्या इतिहासाचा आरंभ बहुधा तेथून मानला जातो. १८४७ मध्ये जिंत्राक या फ्रेंच वैद्याने रोगाला नाव दिले. १८६२ मध्ये मोरिस रेनो याने थंडीने बोटे पांढरी-निळी पडण्याच्या विकाराचे वर्णन केले. हा विकार स्क्लेरोडर्माचा पूर्वसूचक असतो, हे पुढे लक्षात आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विल्यम ऑस्लर या थोर वैद्यकाने आकसत जाणाऱ्या पोलादी त्वचेत कोंडलेल्या ममीची प्रतिमा या रोगासाठी वापरली. ही प्रतिमा इतकी प्रभावी ठरली की आजही या विषयावरच्या लेखनात ती भेटते.

पण प्रभावी प्रतिमेचा एक दोष असतो. ती जे दाखवते त्याच्यापलीकडे पाहू देत नाही. सुझन सोंटॅगने १९७८ च्या आपल्या 'इलनेस ॲज मेटाफर' या पुस्तकात क्षय आणि कर्करोग यांच्याभोवती साचलेल्या रूपकांविषयी जो इशारा दिला, तो येथेही लागू पडतो. त्वचा दिसत होती, म्हणून रोग त्वचेचा ठरला. रुग्णांना गिळताना त्रास होतो, हे निरीक्षण विसाव्या शतकाच्या आरंभीच नोंदले गेले होते. परंतु ते दीर्घकाळ आनुषंगिक तपशील म्हणून बाजूला पडून राहिले. १९४५ मध्ये केपटाउन येथे रॉबर्ट ग्योट्स याने या रोगात अंतर्गत अवयवांवर होणाऱ्या परिणामांचा सविस्तर अभ्यास मांडला आणि 'प्रोग्रेसिव्ह सिस्टेमिक स्क्लेरोसिस', म्हणजे सर्व शरीरात वाढत जाणारे काठिण्य, असे नाव सुचवले. ग्योट्सदेखील नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडलेला वैद्य होता. त्वचेचा रोग सर्वांगाचा रोग झाला तो नावाच्या या बदलाने. तेव्हा क्लेला जाऊन पाच वर्षे झाली होती.

आत नेमके काय बिघडते? आपली अन्ननलिका सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची स्नायूंची नळी आहे. अन्न तिच्यातून केवळ वजनाने खाली पडत नाही. वरून खाली सरकत जाणाऱ्या आकुंचनाच्या लाटेने ते ढकलले जाते, आणि म्हणूनच आडवे पडूनही माणूस पाणी पिऊ शकतो. नळीच्या तळाशी स्नायूंचे एक वलय असते. घास आला की ते सैल होते, एरवी मिटलेले राहते आणि जठरातले आम्ल वर येऊ देत नाही. स्क्लेरोडर्मात नळीच्या खालच्या सुमारे दोन-तृतीयांश भागातील अनैच्छिक स्नायू क्षीण होतात आणि त्यांची जागा निर्जीव तंतू घेतात. वरच्या भागातले स्नायू वेगळ्या जातीचे असल्याने बहुधा बचावतात. परिणामी गिळण्याची सुरुवात ठीक होते, पण लाट मध्येच विरते आणि घास छातीच्या मागे अडून राहतो.

तळाचे वलयही सैल पडते. म्हणजे दार उघडेच राहते आणि आत शिरलेल्याला बाहेर घालवणारा कोणी नसतो. निरोगी माणसाच्या अन्ननलिकेतही आम्ल अधूनमधून चढते; पण आकुंचनाची लाट ते परत खाली लोटते आणि लाळ उरलेसुरले निवळवते. या रुग्णांत लाट नसते आणि पुष्कळदा लाळही कमी असते. आम्ल तासन् तास तेथेच साचते. नळीचे अस्तर सोलते, व्रण होतात, व्रण भरताना नळी आखडते आणि अरुंद होते. जी नळी आधीच घास ढकलू शकत नव्हती, ती आता त्याला वाटही देईनाशी होते. एकाच अवयवात दोन परस्परविरोधी व्याधी अशा एकत्र नांदतात : दार फार सैल, आणि वाट फार बंद. या विषयातील शस्त्रक्रियेचा सगळा इतिहास या विरोधाशी केलेल्या झटापटीचा आहे.

* * *

रुडॉल्फ निस्सेन १८९६ मध्ये सायलेशियातील नाइसे या गावी, एका शल्यचिकित्सकाच्या घरी जन्मला. पहिल्या महायुद्धात त्याच्या फुफ्फुसाला जखम झाली होती. पुढे फर्डिनांड झाउअरब्रुख या त्या काळच्या सर्वांत नामांकित जर्मन शल्यविशारदाच्या हाताखाली त्याने म्युनिक आणि बर्लिन येथे काम केले आणि १९३१ मध्ये बर्लिनला एका १२ वर्षांच्या मुलीचे संपूर्ण फुफ्फुस यशस्वीपणे काढले. १९३३ मध्ये ज्यूवंशीय असल्यामुळे त्याने जर्मनी सोडली. त्याच सुमारास अतातुर्कच्या शासनाने इस्तंबूल विद्यापीठाची पुनर्रचना हाती घेतली होती आणि जर्मनीने हाकललेल्या कित्येक विद्वानांना तेथे आसन मिळाले. निस्सेन त्यांपैकी एक. एरिक आउअरबाख हा आणखी एक. त्याने 'मिमेसिस' हा ग्रंथ इस्तंबूलमध्येच लिहिला, हे येथील वाचकांना सांगायला नको. पाश्चात्त्य साहित्यातील वास्तवाच्या चित्रणाचा तो ग्रंथ आणि अन्ननलिकेच्या या शस्त्रक्रियेचे बीज, दोन्ही एकाच निर्वासित विद्यापीठाच्या परिसरातले.

हे बीज पडले ते १९३० च्या दशकाच्या मध्यानंतर. एका २८ वर्षांच्या तरुणाच्या अन्ननलिकेच्या तळाशी खोल व्रण होता. निस्सेनने तो भाग कापून काढला आणि उरलेली नळी जठराला जोडली. जोड निसटू नये म्हणून त्याने जठराच्या भिंतीच्या घड्या तिच्याभोवती गुंडाळून शिवल्या. उद्देश जोडाला बळकटी देण्याचा होता. पण अशा जोडानंतर रुग्णाला छातीत जळजळीचा त्रास व्हायला हवा, तो या तरुणाला झाला नाही, आणि सोळा वर्षांनंतरही झालेला नव्हता. ही गोष्ट निस्सेनच्या लक्षात राहिली.

तिचा अर्थ कळायला मात्र काळ जावा लागला. जठराम्लामुळे अन्ननलिकेला दाह होतो ही स्वतंत्र व्याधी आहे, हे अमेरिकेत ॲशर विंकेलस्टाइनने १९३५ मध्येच मांडले होते. पण तिची यांत्रिकी आणि शस्त्रक्रिया यांची सविस्तर चर्चा लीड्सच्या फिलिप ॲलिसनने १९५१ मध्ये सुरू केली. निस्सेन १९३९ मध्ये इस्तंबूलहून अमेरिकेला गेला. तेथे १९४८ मध्ये त्याने आल्बर्ट आइन्स्टाइनच्या पोटातील फुगलेल्या महारोहिणीवर सेलोफेन गुंडाळले. त्यानंतर आइन्स्टाइन सहा वर्षांहून अधिक जगला. १९५२ मध्ये निस्सेनला बाझेलला प्राध्यापकपद मिळाले, आणि तेथे १९५५ मध्ये एका ४९ वर्षांच्या स्त्रीवर त्याने जुन्या अनुभवाचा हेतुपूर्वक प्रयोग केला. या वेळी काही कापले नाही. जठराचा घुमटासारखा वरचा भाग, म्हणजे फंडस, त्याने अन्ननलिकेच्या तळाभोवती मफलरसारखा पूर्ण गुंडाळला आणि पुढे शिवला. जठर भरून दाब वाढला की ही गुंडाळीही फुगते आणि नळी मिटते. जो दाब आम्ल वर ढकलतो तोच दार बंद करतो. १९५६ मध्ये त्याने एका स्विस नियतकालिकात हे वृत्त प्रसिद्ध केले. आधार होता केवळ दोन रुग्णांचा, आणि शीर्षकात शस्त्रक्रियेला 'साधी' म्हटले होते. हेच फंडोप्लिकेशन. १९९१ पासून ते दुर्बिणीतून, छोट्या छिद्रांवाटे होऊ लागले आणि 'निस्सेन' हे माणसाचे नाव न राहता क्रियेचे नाव झाले.

* * *

आता ते 'जर-तर'. क्लेचा आजार वाढत होता त्याच वर्षांत इस्तंबूलमध्ये ही युक्ती एका शल्यविशारदाच्या हातून घडून गेली होती. तिचा अर्थ त्याच वेळी कळला असता, तर? क्लेच्या बर्नपासून बाझेल फार दूर नाही. दोन निर्वासित वीस वर्षांच्या अंतराने चुकामूक होऊन गेले, असे वाटू लागते. कादंबरीकाराला मोहात पाडील असाच हा योग आहे आणि या विषयाचे वाचन सुरू केले तेव्हा मलाही त्याने मोहात पाडले होते.

परंतु हा मोह वैद्यकाच्या इतिहासापुढे टिकत नाही. निस्सेनचा निबंध आला त्याच १९५६ साली, अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये चार्ल्स कोड आणि त्याचे सहकारी अन्ननलिकेतील दाब मोजत होते. मॅनोमेट्री या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या तंत्राने दोन गोष्टी पुढे आल्या. अन्ननलिकेच्या तळाशी उच्च दाबाचा एक पट्टा खरोखरच असतो, ही एक. आणि स्क्लेरोडर्माच्या रुग्णांत खालच्या भागातील लाट आणि तळाचा दाब दोन्ही लोपलेले असतात, ही दुसरी. या दोन शोधांना एकत्र वाचले की निस्सेनच्या शस्त्रक्रियेची अट स्पष्ट होते. गुंडाळीने दार घट्ट होते. त्या घट्ट दारातून घास पुढे ढकलायला वर जोरकस लाट लागते. सामान्य रुग्णाकडे ती असते. स्क्लेरोडर्माच्या रुग्णाकडे नसते. त्याचा घास केवळ स्वतःच्या वजनाने उतरत असतो, आणि वजनापुढे घट्ट दार उघडेलच असे नाही. आम्ल वर येणे थांबावे म्हणून मारलेली गाठ अन्न खाली जाणेच थांबवू शकते.

अर्थात, यावर शल्यविशारदांनी हार मानली नाही. बर्मिंगहॅमच्या कॉलिसने १९५७ मध्ये, आखडून वर ओढल्या गेलेल्या अन्ननलिकेची लांबी जठराच्याच एका पट्टीची नळी करून वाढवण्याची युक्ती वर्णन केली. मिशिगनच्या मार्क ऑरिंजरने ही युक्ती स्क्लेरोडर्माच्या रुग्णांसाठी वापरली. १९७६ मध्ये त्याने या रुग्णांतील आम्लप्रवाहाच्या निदानाकडे लक्ष वेधले आणि १९८१ मध्ये कॉलिसची नळी व फंडोप्लिकेशन यांच्या संयोगाचे अनुभव मांडले. दुसऱ्या बाजूने, गाठ सैल करण्याचे प्रयत्न झाले. फ्रान्समध्ये दोरने १९६२ मध्ये आणि तुपेने १९६३ मध्ये अर्धवट गुंडाळी वर्णिली होती. तीत नळीचा काही घेर मोकळा राहतो, म्हणून दुबळ्या लाटेच्या रुग्णांसाठी अनेक शल्यविशारद तिच्याकडे वळले. पूर्ण गुंडाळीही हळूहळू बदलली. १९८६ मध्ये टॉम डीमीस्टर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तिची लांबी ४ सेंटिमीटरवरून १ सेंटिमीटरवर आणली आणि आत ठेवून मापायची शलाका अधिक जाड केली. मूळच्या 'साध्या' शस्त्रक्रियेची तीस वर्षांतली प्रगती म्हणजे ती अधिकाधिक आखूड आणि सैल होत जाणे होय. पहिल्या शोधकाने किती घट्ट बांधायचे ते सांगितले. नंतरच्यांनी किती सोडायचे ते शिकवले.

तरीही स्क्लेरोडर्मात निकाल संमिश्रच राहिले. गुंडाळी घट्ट झाली तर अन्न अडे, सैल झाली तर आम्ल पुन्हा चढे. त्याच काळात औषधांनी चित्र बदलले. जेम्स ब्लॅकच्या संशोधनातून आलेले सिमेटिडीन १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये उपलब्ध झाले आणि १९८८ मध्ये स्वीडनमध्ये ओमेप्राझोल बाजारात आले. त्यांनी दाराला हात लावला नाही. आम्लाचे उत्पादनच कमी केले. आज स्क्लेरोडर्माच्या बहुसंख्य रुग्णांत पहिला आणि मुख्य उपचार हाच आहे. त्याच्या जोडीला थोडे थोडे खाणे, जेवणानंतर लगेच न आडवे होणे, पलंगाचे डोके उंच ठेवणे हे साधे नियम असतात. लाट गेलेल्या माणसाला गुरुत्वाकर्षण हाच एक सहायक उरतो, म्हणून या नियमांना येथे औषधाइतके मोल आहे.

पण औषधाने आम्ल कमी होते, प्रवाह थांबत नाही. अन्ननलिकेत साचलेला द्रव झोपेत कणाकणाने श्वासमार्गात उतरू शकतो. स्क्लेरोडर्मात फुफ्फुसांचे काठिण्य हे आज मृत्यूच्या प्रमुख कारणांपैकी एक आहे. या प्रवाहाचा त्यात किती वाटा, हा वाद अजून मिटलेला नाही; पण फुफ्फुस प्रत्यारोपणाचा विचार होत असलेल्या रुग्णांत तो दुर्लक्षिता येत नाही. म्हणून औषधांना न जुमानणाऱ्या थोड्या रुग्णांसाठी शस्त्रक्रियेचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. अगदी अखेरचा उपाय म्हणून संपूर्ण अन्ननलिका काढली जाते; ती मोठी आणि जोखमीची क्रिया आहे. तिसरा मार्ग पुढे आला तो एका जुन्याच स्विस युक्तीतून. लोझानच्या सेझार रू याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात आतड्याचा इंग्रजी 'वाय' अक्षरासारखा जोड प्रचारात आणला होता. त्यावर आधारलेल्या बायपासमध्ये जठराचा अगदी लहान कप्पा अन्ननलिकेला जोडलेला ठेवतात आणि तो थेट आतड्यात मोकळा करतात. त्या कप्प्यात आम्ल फारसे तयार होत नाही आणि पित्तरसाचीही वाट लांब पडते. २००७ मध्ये पिट्सबर्गच्या शल्यविशारदांनी या तीन मार्गांची तुलना प्रसिद्ध केली आणि बायपासच्या बाजूने अनुकूल मत दिले. रुग्णांची संख्या लहान होती. शिवाय ज्याची आतडीही रोगाने मंदावली आहेत आणि जो आधीच कृश झाला आहे, त्याला बायपास सोसेलच असे नाही. पण विचारातला बदल महत्त्वाचा आहे. येथे दार आवळलेले नाही. दाराशी येणारे पाणीच वळवले आहे.

* * *

तेव्हा क्लेविषयीच्या त्या 'जर-तर'चे काय? निस्सेनने १९३७ मध्ये किंवा १९३९ मध्ये बर्नला येऊन आपली गुंडाळी क्लेच्या अन्ननलिकेभोवती घातली असती, तर त्याचे भले झाले असते असे मानायला आधार नाही. तिची पहिली रूपे लांब आणि घट्ट होती, आणि लाट नाहीशी झालेल्या नळीला ती बहुधा आणखी अडवणारीच ठरली असती. दाब मोजल्याशिवाय कोणती गाठ किती सैल हवी हे कळत नव्हते, आणि दाब मोजण्याची विद्या अजून आली नव्हती. क्लेला उणीव एका शस्त्रक्रियेची नव्हती. रोग त्वचेपलीकडे पाहणारे नाव, आतली हालचाल मोजणारे साधन, आम्ल थांबवणारे औषध आणि गाठ सोडायला शिकलेली शस्त्रक्रिया, या साऱ्यांचीच ती उणीव होती; आणि ते सारे त्याच्या पश्चात् अर्धशतकभर एकेक करून येत गेले. चुकलेल्या भेटीची गोष्ट सुंदर आहे, पण ती खरी नाही.

हे सांगण्यात साहित्याच्या वाचकांसाठी काय आहे, असा प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की आपण समीक्षेत निस्सेनच्या पहिल्या गुंडाळीसारखेच वागत असतो. क्लेच्या अखेरच्या चित्रांतील जाड, काळ्या, तुटक रेषा पाहिल्या की आपण त्यांच्याभोवती आजाराचे वृत्त पूर्ण गुंडाळून घट्ट शिवतो : त्वचा कठीण झाली, म्हणून रेषा कठीण झाली. झूटरच्या विवेचनानुसार क्लेचे हात तुलनेने बचावले होते, आणि एका वर्षात १२०० कामे करणाऱ्या हातांविषयी ते पटण्यासारखे आहे. शिवाय त्या वर्षांत त्याच्यावर आजाराखेरीज आणखीही पुष्कळ काही कोसळत होते : गेलेले पद, अपमानित चित्रे, नागरिकत्वाची ताटकळ, समोर येऊन ठेपलेले युद्ध. १९४० च्या 'मृत्यू आणि अग्नी' या चित्रातल्या पांढुरक्या मुखवट्यात डोळे, नाक, तोंड यांच्या जागी 'टोड', म्हणजे मृत्यू, या जर्मन शब्दाची अक्षरे वाचता येतात. तो मृत्यू केवळ एका नळीतून आला नव्हता.

याचा अर्थ आजार बाजूला ठेवावा असा मात्र नाही. गुंडाळी मुळीच नसेल तर सगळे वाहून वर येते, आणि चित्रकाराचे शरीर ही केवळ अफवा उरते. एकट्याने पातळ जेवण घेणारा, थोड्या घासांवर दिवस काढणारा आणि उरलेल्या तासांत कागदामागून कागद संपवणारा माणूस त्या चित्रांच्या मागे होता, हे जाणून चित्रे पाहणे वेगळे असते. प्रश्न फक्त प्रमाणाचा आहे. चरित्र आणि कृती यांची गाठ अशी हवी की कृतीला स्वतःच्या बळाने जेवढे पुढे जाता येते तेवढी वाट तिला मोकळी राहावी. शल्यविशारदांना हे प्रमाण सापडायला तीस वर्षे लागली, आणि तेही प्रत्येक रुग्णाचे माप वेगळे आहे हे मान्य केल्यावर. आपल्याला ते प्रत्येक कलाकृतीपाशी नव्याने शोधावे लागते.

निस्सेन १९८१ मध्ये बाझेलजवळ वारला. ऑरिंजरचे स्क्लेरोडर्माच्या रुग्णांवरील काम प्रसिद्ध झाले तेही त्याच वर्षी. आपल्या शस्त्रक्रियेला निस्सेनने 'साधी' म्हटले होते, आणि बहुतेकांसाठी ती तशी ठरलीही. ज्यांच्यासाठी ती साधी नव्हती त्यांच्यामुळे वैद्यक तिचा अर्थ नीट शिकले.